हिवाळी सत्र आणि टायमिंगची वही

अमरावती विद्यापीठाच्या परिसरात वर्षाला दोनच ऋतू असतात, हिवाळी आणि उन्हाळी. परीक्षेच्या अर्जावर, वेळापत्रकावर, गुणपत्रिकेवर हीच दोन नावे येतात. पावसाळ्यात प्रवेश होतात, एसटीच्या पासांसाठी रांगा लागतात, पण पावसाळ्याच्या नावाने परीक्षा नाही. ऋतूंच्या या सरकारी वाटणीकडे आपण साहित्याचे लोक फारसे लक्ष देत नाही. ऋतू म्हटला की आपल्याला कविता आठवते, परीक्षेचा अर्ज आठवत नाही. परंतु तालुक्याच्या गावी शिकणारी आणि धावणारी काही मुले-मुली असतात, त्यांच्या दृष्टीने ‘हिवाळी’ या शब्दात परीक्षा, स्पर्धा, शेत आणि नोकरी अशा चार गोष्टी एकमेकींवर चढून बसलेल्या असतात. त्या मुलांचा साधा, रोजचा दिवस मराठी लेखनात का दिसत नाही, हा या लेखाचा प्रश्न आहे.

मी ज्या परिसराविषयी लिहितो आहे तो चांदूर रेल्वेचा. याच जिल्ह्यात चांदूर बाजार आहे, म्हणून या चांदूरला रेल्वे हे आडनाव चिकटले. १८६७ साली नागपूरपर्यंत पोहोचलेल्या मुंबई-नागपूर मार्गावरचे, बडनेरा आणि धामणगाव यांच्या मधले हे स्थानक. आजूबाजूच्या खेड्यांतून मुले सकाळच्या एसटीने महाविद्यालयात येतात, विद्यापीठाच्या कामाला तीसेक किलोमीटरवरच्या अमरावतीला जातात. या भागात मराठी शिकवताना वर्गातल्या शेवटच्या बाकांवर दरवर्षी दोन-चार धावणारी मुले हमखास भेटतात. पहिल्या तासाला त्यांच्या डोळ्यांत झोप असते आणि बुटांना मुरूम लागलेला असतो. पुढे जो दिवस वर्णन केला आहे तो त्यांच्यापैकी कुणा एकाचा नाही. अनेकांच्या सांगण्यातून जुळवलेला आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करायला हवा. थंडी म्हणजे कष्ट, हे आपल्या लेखनातले ठरलेले समीकरण. एकीकडे धुक्याची, गुलाबी थंडीची कविता आणि दुसरीकडे शेकोटीभोवती कुडकुडणाऱ्या गरिबाची कथा. धावणाऱ्याची थंडी या दोन्हींत बसत नाही. वऱ्हाडात उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसकडे जातो आणि सकाळी आठनंतर रस्त्यावर पाय ठेववत नाही. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल बुटाला असा धरतो की दहा पावलांत बुटाचे वजन दुप्पट वाटावे. उरले नोव्हेंबर ते फेब्रुवारी. लांब पल्ल्याच्या धावकाला निसर्गाने दिलेले हे चारच महिने, आणि ते त्याच्या दृष्टीने सुखाचे आहेत. श्वास मोकळा चालतो, घाम बेताचा येतो, पाय उशिरा थकतात. पहिली पंधरा मिनिटे अंग आखडलेले असते, मांडीमागचा स्नायू जपावा लागतो, पण एकदा शरीर तापले की डिसेंबरातल्या पहाटेसारखी पहाट नाही.

अडचण एवढीच की हेच चार महिने इतर सगळ्यांनाही हवे असतात. कापसाची वेचणी याच दिवसांत येते. तूर सोंगायला येते ती याच दिवसांत. हरभऱ्याला आणि गव्हाला पाणी द्यायचे तेही याच दिवसांत, आणि शेतीपंपाची वीज पाळीने मिळते, एका आठवड्यात दिवसा, दुसऱ्या आठवड्यात रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात घरचा तरुण मुलगा ओलितावर जातो. बापाचे गुडघे, आईची काळजी, अंधारातले साप आणि विंचू, या सगळ्यांचा विचार केला तर त्यानेच जावे हे रास्तच आहे. तो रात्री दोन-तीन वाजेपर्यंत दांडातले पाणी फिरवतो आणि पाचला धावायला निघतो. क्रीडाशास्त्राच्या पुस्तकात विश्रांतीचे एक प्रकरण असते. ते वाचताना त्याला हसू येत असेल किंवा येत नसेल. त्याने मला कधी सांगितले नाही.

आता त्याच्या सकाळीविषयी. साडेचारला मोबाइलचा गजर. घरात बाकीचे निजलेले, म्हणून तो दार हळू ओढून घेतो. रात्री भिजत घातलेले हरभरे किंवा शेंगदाणे मूठभर, गुळाचा खडा. अंगात स्वेटर, त्यावर कुणा थोरल्याने वापरून दिलेले ट्रॅकसूट, कानटोपी. मैदानापर्यंत जायला सायकल असली तर सायकल, नाही तर रस्त्यानेच धावत. रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ हा त्याचा ट्रॅक. समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे डोळ्यांवर आले की ती रेघही दिसत नाही, आणि अशा वेळी पावले मातीवर उतरवायची हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. पहाटे भरतीचा सराव करणाऱ्या मुलांना वाहनाने उडवल्याच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो. त्या जिल्ह्याच्या पानावर दोन परिच्छेदांत संपतात.

मैदान बहुधा दोनशे मीटरचे, मुरमाचे, फेरीची रेघ फक्कीने मारलेली आणि दवाने अर्धी पुसलेली. मैदानावर तो एकटा नसतो. तिथे पंधरा-वीस मुले असतात, आणि त्यांतली बहुतेक खेळाडू नसतात, भरतीवाली असतात. हा भेद बाहेरच्या माणसाला दिसत नाही, पण मला तो फार महत्त्वाचा वाटतो.

ॲथलेटिक्समध्ये १५०० मीटरची शर्यत असते, १६०० ची नसते. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत मुलांना धावावे लागते ते १६०० मीटर, सैन्यभरतीतही १.६ किलोमीटरच. हा जुन्या इंग्रजी मैलाचा अवशेष असावा असे वाटते. खेळ आणि नोकरी यांच्यात म्हणजे बरोबर शंभर मीटरचे अंतर आहे. दोनशे मीटरच्या मैदानावर सोळाशे म्हणजे नेमक्या आठ फेऱ्या. जिथून निघालात तिथेच थांबता. पंधराशे म्हणजे साडेसात. निघण्याची रेघ एकीकडे, पोहोचण्याची दुसरीकडे. भरतीवाल्या मुलांच्या घोळक्यात पंधराशेचा सराव करणारा एखादाच मुलगा असतो. तो समोरच्या बाजूने एकटा सुरुवात करतो आणि बाकीचे त्याच्याकडे थोड्या कुतूहलाने, थोड्या कीवेने बघतात.

हे अंतर केवळ मीटरांचे नाही. सध्याच्या नियमांनुसार शिपाई भरतीची मैदानी चाचणी पन्नास गुणांची आहे. मुलांना सोळाशे मीटरला वीस, शंभर मीटरला पंधरा, गोळाफेकीला पंधरा. सोळाशे मीटर पाच मिनिटे दहा सेकंदांत संपवले की वीसपैकी वीस. मुलांच्या भाषेत ‘सोळाशे आउट ऑफ’. त्यानंतर पाच मिनिटांत धावा की पावणेपाचात, गुण तेच. म्हणजे नोकरीच्या शर्यतीला एक छत आहे. खेळाला ते नसते. खेळ सुरूच तिथून होतो, जिथे पुढच्या प्रत्येक सेकंदासाठी महिनाभर घाम गाळावा लागतो आणि त्या सेकंदाला बाजारात काहीच किंमत नसते. चांगली, नैसर्गिक चाल असलेली कितीतरी मुले पाच-दहापाशी येऊन थांबतात. त्यांना दोष कसा द्यावा? घरी कापसाचा भाव आणि सोसायटीचे कर्ज यांचा हिशेब चाललेला असतो आणि मुलाच्या हातात ज्याला गुण मिळतात असे एकच टायमिंग असते. पण त्या मुलाने थांबताना नेमके काय सोडले, याची नोंद कुणाकडेच नसते. त्याच्याकडेही नसते, कारण ते सांगायला त्याला भाषा मिळालेली नाही.

याची उलटी बाजूही पाहण्यासारखी आहे. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला आणि धावपटू म्हणून तिथे घडला. २०२२ साली राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने स्टीपलचेसचे रौप्य मिळवले, २०२३ साली आशियाई स्पर्धेत सुवर्ण. आपल्या काळातला हा सर्वांत मोठा मराठी धावपटू महाविद्यालयाच्या मैदानातून आलेला नाही. आधी नोकरी, मग खेळ. मैदानावरच्या मुलांना हे पाठ असते आणि ते त्याचा अर्थ आपल्या सोयीने लावतात, ‘आधी लागून जाऊ, मग बघू’. लागल्यावर बघणारे थोडे.

मुलीचा हिवाळा वेगळा. डिसेंबरअखेर इकडे सूर्य सातच्या थोडा आधी उगवतो आणि पावणेसहाच्या सुमारास मावळतो. मुलाला अंधार उपलब्ध असतो, मुलीला नसतो. तिने पाचला घराबाहेर पडायचे तर भावाने किंवा वडिलांनी मोटारसायकलवर मागे यावे लागते, आणि ओलिताच्या आठवड्यात ते शक्य नसते. उजाडल्यावर निघावे तर साडेसातच्या एसटीची वेळ होते. संध्याकाळी महाविद्यालयातून परत येईतो दिवस मावळलेला. म्हणजे धावायला सर्वांत चांगला जो ऋतू, तोच तिच्या वाट्याला सर्वांत तोकडा येतो. बारावीपर्यंतच्या ग्रामीण मुलींना एसटीचा पास मोफत आहे, मार्च २०२३ पासून स्त्रियांना निम्मे भाडे झाले, यामुळे अमरावतीला स्पर्धेला जाणे सोपे झाले हे खरे. पण सवलत भाड्यात मिळते, उजेडात मिळत नाही. आणि एक विशेष म्हणजे तिच्या बाबतीत खेळ आणि नोकरी यांत ते शंभर मीटरचे अंतर नाही. भरतीत मुलींना ८०० मीटर धावायचे असते आणि ॲथलेटिक्समध्येही ८०० ची शर्यत आहे. तेच अंतर, तीच चार फेऱ्यांची धाप. त्यामुळे ती खेळते आहे की नोकरी शोधते आहे, हे घरच्यांना कळत नाही. कधी कधी हा गोंधळ तिच्या पथ्यावर पडतो. ‘भरतीची तयारी’ म्हटले की परवानगी मिळते. ‘खेळ’ म्हटले की लग्नाचा विषय निघतो.

एकाच क्रियेला या मुलांकडे तीन शब्द आहेत. घरी वऱ्हाडीत ते ‘पयणे’ असते. ‘पोरगं सकायीच पयाले गेलं,’ असे आजी शेजारणीला सांगते, आणि तिच्या बोलीत पयणे म्हणजे पळून जाणेही असते. मैदानावर ती ‘रनिंग’ होते. प्रमाणपत्रावर ती ‘धावणे’ होते. मैदान या शब्दाचेही असेच. ‘ग्राउंड’ म्हणजे आता जागा राहिलेली नाही, परीक्षा झाली आहे. ‘ग्राउंड निघालं, लेखीत गेलो’ हे वाक्य वऱ्हाडातल्या कुठल्याही टपरीवर ऐकू येते आणि त्यात एका पिढीचे चरित्र आहे. आजीने नातवाला विचारलेला ‘पयून का भेटते तुले?’ हा प्रश्न मला तत्त्वज्ञानाच्या कुठल्याही प्रश्नाइतका गंभीर वाटतो. उत्तर देणे अवघड आहे. नोकरी हे उत्तर सोपे असते म्हणून तो ते देतो.

आता साहित्याकडे. मराठीत शरीर आलेले नाही असे कुणी म्हणणार नाही. उद्धव शेळके यांच्या ‘धग’मध्ये (१९६०) कौतिकचे राबणारे, झिजणारे शरीर वऱ्हाडी बोलीतच आपल्यासमोर येते, राबण्याचे इतके निष्ठुर चित्रण मराठीत थोडके आहे. विद्यार्थी आलेला नाही असेही नाही. ‘कोसला’पासून (१९६३) खेड्यातून शहरात शिकायला गेलेला तरुण हा मराठी कादंबरीचा जवळजवळ नायकच आहे, वसतिगृह, खानावळ, परीक्षा, वैफल्य हे सर्व आपण वाचले आहे. पण राबणारे शरीर आणि शिकणारे मन या दोहोंच्या मध्ये एक तिसरी गोष्ट आहे, सरावाचे शरीर. ते उत्पादन करत नाही, त्याला मजुरी मिळत नाही, आणि तरीही ते रोज स्वतःला थकवते. गायकाच्या अशाच थकण्याला आपण ‘रियाज’ म्हणतो आणि त्या शब्दापुढे मान लववतो. धावणाऱ्याच्या थकण्याला ‘प्रॅक्टिस’ म्हणतो आणि पुढच्या विषयाकडे वळतो.

आक्षेप घेतला जाईल की खेळावर मराठीत भरपूर लेखन आहे. आहे. द. चिं. मुजुमदार यांनी बडोद्याहून संपादित केलेला ‘व्यायाम ज्ञानकोश’ दहा खंडांचा आहे. त्या काळी दुसऱ्या कुठल्या भारतीय भाषेत असा उद्योग झाला असल्यास मला शंका आहे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे आणि १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथल्या चमूने भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके करून दाखवली होती. परंपरा नाही असे म्हणता येत नाही. खेळाडूंची चरित्रे निघतात, दैनिकांचे क्रीडापान रोज असते. मात्र कोशात कृती असते, चरित्रात विजय असतो, क्रीडापानावर निकाल असतो. जिंकण्याच्या आणि हरण्याच्या अलीकडचा जो साधा मंगळवार, तो कशातच नसतो. इंग्रजीत ॲलन सिलिटोची लांब पल्ल्याच्या धावकावरची दीर्घकथा १९५९ साली आली. सुधारगृहातला मुलगा पहाटे एकटा धावताना जे बोलतो तेच तिथे कथानक होते. आमच्याकडे पहाटे धावणारे हजारो असून त्यांच्या मनात धावताना काय चालते हे आम्हांला ठाऊक नाही.

याचे एक कारण मला शाळेच्या निबंधात सापडते. ‘मी पाहिलेला क्रिकेटचा सामना’ हा विषय आपण किती पिढ्यांना दिला? ‘मी खेळलेला सामना’ क्वचितच दिला असेल. लिहिणारा हा पाहणाराच असणार, आणि जो खेळतो त्याचे लिहिण्याशी काम नाही, हे आपण मुलांना सातवी-आठवीतच शिकवून ठेवतो. दुसरा विषय ‘एका खेळाडूचे मनोगत’. त्यात गाइडमधला खेळाडू शेवटी देशासाठी पदक आणतो. पुढे तीच मुले महाविद्यालयात येतात आणि आपल्या अनुभवाविषयी लिहा म्हटले की पदक आणून ठेवतात, कारण लेखी परीक्षेत खेळाडूने काय करायचे असते हे त्यांना पक्के ठाऊक असते.

पण ही मुले लिहीत नाहीत असे समजू नये. जी मनावर घेऊन धावतात त्यांच्यापाशी बहुधा एक वही असते. दोनशे पानी, मागच्या वर्षीच्या अर्थशास्त्राची राहिलेली पाने वापरलेली. तिला ती ‘टायमिंगची वही’ म्हणतात. तारीख, फेऱ्या, वेळ आणि पुढे एखादा शब्द. ‘धुके.’ ‘पिंढरी दुखते.’ ‘ओलित. गेलो नाही.’ ‘पेपर.’ ‘एकटा.’ मला अशा वह्या कधीमधी पाहायला मिळाल्या आहेत आणि त्या हातात घेतल्यावर मला रिद्धपूर आठवले, हे थोडे विचित्र वाटेल, पण त्याला कारण आहे.

मराठी गद्याचा आरंभ आपण ज्या ग्रंथापासून शिकवतो ते ‘लीळाचरित्र’ म्हाइंभटांनी १२७८ च्या सुमारास याच अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला संकलित केले. त्या ग्रंथात तत्त्वज्ञान आहेच. पण त्याचे गद्य उभे राहते ते स्वामी कुठे निघाले, कुठे थांबले, काय जेवले, वाटेत कोण भेटले, काय म्हणाले या नोंदींवर. लहानसहान हालचाल नोंदण्याजोगी आहे, या श्रद्धेतून मराठी गद्य जन्मले, आणि ते वऱ्हाडात जन्मले. श्रद्धेचा विषय वेगळा होता, हे मान्य. चक्रधरांच्या लीळा आणि बी.ए.च्या मुलाच्या फेऱ्या यांची तुलना कुणी करू नये. मी नोंदीच्या पद्धतीविषयी बोलतो आहे. छोटे वाक्य, क्रियापदावर भर, विशेषणांची काटकसर, जे घडले तेवढेच. हे वळण आपण परीक्षेत ‘प्राचीन गद्याची वैशिष्ट्ये’ म्हणून पाच गुणांना विचारतो आणि समोर बसलेला मुलगा तेच गद्य वहीत लिहीत असतो हे आपल्या गावीही नसते. रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ झाले आहे, ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जाही मिळाला. या निमित्ताने बोलीकोश होतील, परिसंवाद होतील. या वह्याही कुणी तरी पाहाव्यात.

अर्थात वही म्हणजे साहित्य नव्हे, हेही तितकेच खरे. ‘एकटा’ या एका शब्दामागे काय आहे ते वहीत नाही. सगळे भरतीवाले निघून गेल्यावर दोन फेऱ्या राहिल्या होत्या, की आदल्या दिवशी त्याचा जोडीदार लागून गेला होता? तो शब्द उलगडून लिहिणे हे साहित्याचे काम, आणि ते त्याला यावे अशी सोय करणे हे आपले, शिकवणाऱ्यांचे. इथे मात्र हिवाळी सत्र आडवे येते. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, विद्यापीठ संघाची निवड, आंतरविद्यापीठ स्पर्धा आणि राज्य क्रीडा महोत्सव यांच्या तारखा आणि हिवाळी परीक्षांच्या तारखा एकमेकांच्या अंगावर येतात. विद्यापीठाच्या संघात निवड होऊन कलर कोट मिळणे हा या मुलाच्या आयुष्यातला पहिला सन्मान; ज्या आठवड्यात तो मिळतो त्याच आठवड्यात अंतर्गत मूल्यमापनाची वही द्यायची असते. मग मित्राची वही रात्रीतून उतरवली जाते, आपण त्यावर सही करतो, दोघांनाही ते ठाऊक असते. भरतीचे वेळापत्रक तर कुणाच्याच ऋतूत बसत नाही. २०२३ ची मैदानी चाचणी जानेवारीत सुरू झाली, त्यानंतरची २०२४ च्या जूनमध्ये, ऐन पावसाच्या तोंडावर. चार महिने थंडीत कमावलेली चाल जूनच्या दमट हवेत तपासली गेली.

नव्या शैक्षणिक धोरणात खेळाला श्रेयांक मिळू लागले आहेत. ठीक आहे, पण श्रेयांक म्हणजे पुन्हा एक प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्राची झेरॉक्स काढायला ही मुले आपल्यापेक्षा जास्त सरावलेली आहेत. माझी सूचना अगदी लहान आहे आणि तिला कुठल्याही परिपत्रकाची गरज नाही. मराठीच्या अंतर्गत मूल्यमापनासाठी ‘माझा आवडता लेखक’ या उतरवून काढलेल्या दहा पानांऐवजी टायमिंगच्या वहीतली कुठलीही तीन पाने घ्यावीत आणि त्यातल्या एका नोंदीवर मुलाला दोन पाने लिहायला सांगावे. बोलीत लिहिले तरी चालेल. पदक आणायचे नाही एवढी एकच अट. एका हिवाळ्यात मी हे काही मुलांकडून करून घेतले. एका मुलीने जानेवारीतल्या एका सकाळविषयी लिहिले. वडील मोटारसायकलचा दिवा लावून तिच्या मागे येत होते आणि तिची सावली सारखी तिच्या पुढे धावत होती. त्या सावलीला मागे टाकण्यासाठी वेग वाढवला की वडीलही वेग वाढवायचे. चौथ्या दिवशी वडिलांनी विचारले, ‘बाई, तू कोणाच्या मागं पयतं?’ ती पाने दोनच होती. मी त्यांवर पैकीच्या पैकी गुण दिले आणि वही तिला परत केली, कारण पुढच्या पानावर तिला दुसऱ्या दिवशीचे टायमिंग लिहायचे होते.